उपवासाला गोळी चालते

माझी नणंद धावते, हे मी कुणाला आपणहून सांगत नसे. सांगितलं की लोक विचारत, "कशाला?" आणि याचं उत्तर आमच्या घरात कुणालाच देता येत नसे. सासूबाई तर तिलाच विचारायच्या. त्या मूळच्या मालवणकडच्या. सगळं आयुष्य मुंबईत गेलं तरी चिडल्या की गावची भाषा तोंडात यायची. "कित्याक धावतंस गो? पाठीक कोण लागलो आसा?" नणंद बुटाच्या नाड्या आवळत हसायची आणि उजाडायच्या आत निघून जायची. आमचं घर प्रभादेवीला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. जिना उतरणारी तिची पावलं मला अंथरुणात ऐकू यायची.

मला उत्तर थोडंफार ठाऊक होतं. तिनं लग्न केलं नाही. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा दादरची विमा ऑफिसातली नोकरी सांभाळून त्यांचं सगळं तिनं केलं, अगदी शेवटपर्यंत. ते गेले आणि एकाएकी तिला काही करायचं उरलं नाही. त्याच सुमारास ऑफिसातली एक मैत्रीण तिला रविवारी पहाटे पार्कात घेऊन गेली. परत आली ती घामानं निथळत, तोंड लालबुंद, आणि दारातच म्हणाली, "वहिनी, मी थांबले नाही गं. मध्ये एकदाही थांबले नाही." चाळिशी उलटलेली बाई, पण सांगताना उड्या मारत होती. मी या घरात आल्यापासून तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. म्हणून मी तिच्या बाजूनं भांडायचे. नवरा बहिणीच्या नावानं कुरकुरला की त्याला म्हणायचे, तू आधी भाजी आणायला चालत जा, मग बोल.

पुढे मीही रविवारी तिच्याबरोबर जाऊ लागले. मी धावत नाही. मी चालते, तेही मनात आलं तर. बाकीचा वेळ ग्रुपच्या पिशव्या, किल्ल्या आणि मोबाइल सांभाळत पार्काच्या कट्ट्यावर बसायचं. बसून बसून मला सगळ्यांच्या सवयी पाठ झाल्या होत्या.

ग्रुपचे सर्वेसर्वा म्हणजे गिरगावातले एक काका. नोकरीतून कधीच निवृत्त झालेले, पण पायात अशी ताकद की पंचविशीतली पोरं त्यांच्या मागे धापा टाकायची. त्यांच्याकडे स्टीलचा एक चपटा डबा असायचा. पूर्वी त्यात सुपारी ठेवत असावेत, कारण उघडला की अजून तो वास यायचा. आता त्यात गोळ्या असत. लांब पल्ल्याच्या रविवारी, निघायच्या आधी, सगळे गोल करून उभे राहायचे. काका म्हणायचे, "हात पुढे." आणि ही शिकलीसवरलेली माणसं खरोखर उजवा हात पुढे करायची, खाली डाव्याचा आधार देऊन, देवळात तीर्थ घेतात तशी. प्रत्येकाच्या तळव्यावर एक गोळी पडायची. दुखणं थांबवणारी, सूज उतरवणारी. ज्याचं काहीच दुखत नसे तोही घ्यायचा. "दुखायच्या आधी घेतली की दुखतच नाही," काका समजावायचे. ज्याला परतीच्या वाटेवर जड जाईल असं वाटे त्याला ते आणखी एक खिशात देऊन ठेवायचे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर ते खटकायला लागलं, पण काय खटकतंय ते धड सांगता येईना. एकदा विचारलंच मी, "काका, डॉक्टरांना विचारलंय का कुणी?"

"अहो वहिनी, डॉक्टर स्वतः घेतात आपल्यातले," काका म्हणाले आणि त्यांनी बोट दाखवलं. तो माणूस दातांचा डॉक्टर होता. त्यानंही हात पुढे केला होता.

काका वाईट नव्हते, हे मला लिहून ठेवलंच पाहिजे. कुणाचा पाय मुरगळला तर ते त्याला धरून घरापर्यंत सोडायचे. थंडीत सगळ्यांसाठी तिळाची चिक्की आणायचे. ती गोळीही त्याच हातानं, त्याच मायेनं द्यायचे, आणि म्हणूनच तिला कुणी नाही म्हणत नसे. वाईट माणसाकडून कुणी घेतली असती का?

नणंदेनं अर्धी मॅरेथॉन पुरी केली, पदक आणलं आणि देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलं. आता तिला जानेवारीत पूर्ण मॅरेथॉन धावायची होती. नेमकी तेव्हाच तिच्या उजव्या गुडघ्यानं कुरकूर सुरू केली. हाडांच्या डॉक्टरांनी झीज आहे म्हणून सांगितलं आणि काही महिने धावणं थांबवा म्हणाले. घरी आल्यावर तिनं तो कागद घडी घालून पर्समध्ये टाकला आणि मला म्हणाली, "त्यांना काय जातंय थांबा म्हणायला." त्यानंतर गोळी रविवारची राहिली नाही. पर्समध्ये एक पाकीट, ऑफिसच्या खणात एक, आणि स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागे एक. आमच्या नाक्यावरचा केमिस्ट तर ती फुटपाथवरून येताना दिसली की मागच्या फळीकडे हात न्यायचा.

पाण्याचं वेगळंच होतं. पहाटे समुद्राच्या कडेनं धावायला निघालं की वाटेतल्या मुताऱ्यांना कुलपं. पुरुषांचं काय, भिंत दिसली की झालं. बायका मग आदल्या संध्याकाळपासूनच पाणी कमी करायच्या. ग्रुपमधल्या सगळ्याच बायका असं करायच्या, आणि एकमेकींना शाबासकी दिल्यासारखं सांगायच्या. "मी काल रात्रीपासून घोटभरसुद्धा घेतलं नाही," नणंद म्हणायची. धावताना बाटली हातात असायची, पण त्यातल्या पाण्यानं ती फक्त ओठ ओले करायची.

अशात नवरात्र आलं.

आमच्या घरी घट बसतात. मी उठता-बसता उपवास करते, म्हणजे पहिल्या दिवशी आणि शेवटच्या, कारण मला उपाशी राहिलं की राग येतो आणि माझा राग कुणालाच परवडत नाही. नणंद मात्र सासरे आजारी पडल्यापासून सगळे दिवस करायची, तेही कडक. दिवसभर काही नाही, संध्याकाळी आरतीनंतर कपभर दूध आणि एखादं फळ. पायात चप्पल नाही. ऑफिसलाही अनवाणी जायची. दादरच्या तापलेल्या फुटपाथवरून अनवाणी जाणाऱ्या अशा कितीतरी बायका त्या दिवसांत दिसतात, त्यामुळे कुणी वळूनही बघत नाही.

यंदा प्रश्न होता धावण्याचा. लांब पल्ला वाढवायचे हेच आठवडे होते आणि तिला एकही चुकवायचा नव्हता. पहिल्याच दिवशी सकाळी बूट घालताना तिला सासूबाईंनी पकडलं.

"चपला चलत नाय आणि बूट चलतत?"

"आई, बूट म्हणजे चपला नव्हेत. ते सामान आहे, धावण्याचं," ती म्हणाली. वर स्वतःच खळखळून हसली. सासूबाई पुटपुटत देवासमोर जाऊन बसल्या.

मी तिच्या हातात गोळी पाहिली. म्हटलं, "अगं, रिकाम्या पोटी? आणि आता संध्याकाळपर्यंत तोंडात काही जाणार नाही तुझ्या." मला भीती होती ती पित्ताची, पोटात आग पडण्याची. त्यापलीकडचं मला काही माहीत नव्हतं.

"वहिनी, उपवासाला औषध चालतं."

"चालतं," सासूबाई देवासमोरून म्हणाल्या. या एका बाबतीत मायलेकींचं एकमत होतं. औषधानं उपवास मोडत नाही, हे त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलेलं, तिनं तिच्या सासूकडून. ज्या बाईनं पहिल्यांदा हे सांगितलं तिच्यासमोर काय असेल? काढा, फार तर वैद्याची पुडी. आमच्याकडे उपवासाला भगर चालते की नाही यावर तासभर वाद होतो, पण या गोळीबद्दल कुणाला शंका आली नाही. एक घोट पाणी, गोळी, आणि ती निघून गेली.

अनवाणी चालून पाय दुखायचे, त्यासाठी एक. गुडघ्यासाठी एक. उपाशी राहून डोकं चढायचं, त्यालाही तीच. ऑक्टोबरचा उकाडा असा की पंख्याखाली बसून माणूस घामाघूम व्हावा, आणि ही त्यात वरळीपर्यंत जाऊन यायची.

काही गोष्टी मला आता नीट आठवतात. सकाळी तिचे डोळे सुजलेले असायचे. एवढे उपवास चालू असताना तिचे ब्लाउज दंडांना घट्ट व्हायला लागले आणि ती वैतागून म्हणाली, "बघ ना, खात नाही तरी फुगतेय." बोटातली अंगठी निघेना, साबण लावून ओढली तेव्हा निघाली. मोजे काढले की घोट्यांवर खोल वळ दिसायचे आणि कितीतरी वेळ जायचे नाहीत. मी म्हटलं, जरा दाखवून ये कुठेतरी. म्हणाली, जानेवारी होऊ दे.

अष्टमीला ती धावून आली, बाथरूममधून बाहेर पडली आणि हसत हसत मला म्हणाली, "वहिनी, आज चहासारखी लघवी झाली गं. पाणी कमी पडलं वाटतं." मी पुऱ्यांसाठी गहू निवडत होते. हातातलं सूप तसंच राहिलं. मी तिच्याकडे बघितलं, ती केस पुसत होती, तोंडावर तोच धावून आल्याचा आनंद. मी तिला तिथेच उभी करून दोन पेले पाणी प्यायला लावलं. ती प्यायली, मला हात जोडून दाखवले आणि ऑफिसला गेली.

नवमीला ती ऑफिसातून लवकर आली आणि ओकली. सगळे म्हणाले पित्त. सासूबाईंनी आमसुलाचं पाणी दिलं, तेही बाहेर आलं. दसऱ्याच्या दुपारी घरात श्रीखंड-पुरीचं ताट वाढलेलं, दाराला तोरण, आणि ती पानावर बसून नुसती बघत होती. मी जवळ गेले तर तिच्या श्वासाला विचित्र वास येत होता, शिळ्या लघवीसारखा. मी तिच्या कानाशी विचारलं, "शेवटची कधी गेली होतीस?" तिला आठवेना. काल गेले असेन, म्हणाली. मग विचार करून म्हणाली, नाही, काल नाही.

मी नवऱ्याला ताटावरून उठवलं. तो म्हणत होता, सणाचा दिवस आहे, कोण भेटणार? मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. टॅक्सीनं आम्ही तिला परळच्या एका हॉस्पिटलात नेलं. वाटेत प्रत्येक गाडीला झेंडूच्या माळा, आणि ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपत होती. मी तिला झोपू देत नव्हते.

रक्ताचा रिपोर्ट बघून तिथल्या तरुण डॉक्टरणीनं आधी तो तिचाच आहे का हे तपासलं. मग किडनीचे मोठे डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, कुठली औषधं घेता? नणंद म्हणाली, "काहीच नाही. बीपी नाही, शुगर नाही, मी धावते." ती खोटं बोलत नव्हती. उपवासापुरती ती औषधं होती, एरवी तिच्या लेखी नव्हतीच. मी तिची पर्स उघडून पलंगावर पालथी केली.

डॉक्टरांनी ती पाकिटं बघितली. आवाज न चढवता ते आम्हाला म्हणाले, "उपाशी पोट, अंगात पाणी नाही, एवढं धावणं, आणि त्यात या गोळ्या. या गोळ्यांनी किडनीला जाणारं रक्त तोडलं. दोन्ही किडन्या बंद पडल्यात."

त्याच संध्याकाळी डायलिसिस सुरू झालं. मानेत नळी घातलेली, आणि ती छताकडे बघत मला विचारत होती, "जानेवारीपर्यंत होईन ना गं बरी?" मला तिचा असा राग आला आणि असं रडू फुटलं की मी बाहेर जाऊन जिन्यात उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. काका आले, डोळे भरलेले, दोन्ही हातांत शहाळी. मी कौतुकानं एक फोडायला दिलंसुद्धा. तेवढ्यात ती तरुण डॉक्टरीण धावत आली आणि तिनं ते हातातून काढून घेतलं. बंद पडलेल्या किडनीला शहाळ्याचं पाणी म्हणजे विष, त्यातले क्षार बाहेर पडत नाहीत, हृदय थांबू शकतं, म्हणाली. काका भिंतीला टेकले. इतका प्रेमळ माणूस आणि त्याच्या हातून जे काही येत होतं ते तिच्या जिवावर उठत होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग प्रत्येकानं आपापला गुन्हेगार शोधला. सासूबाईंच्या मते बूट घातल्यामुळे देवीचा कोप झाला. माझा नवरा म्हणाला, या वयात बाईनं धावावंच कशाला. काका म्हणाले, मीठ-पाणी कमी पडलं. ऑफिसातल्या मैत्रिणी उपवासाला दोष देऊन गेल्या, शेजारीण ऑक्टोबरच्या उन्हाला. मी ऐकत बसले होते. डॉक्टरांनी चार गोष्टी सांगितल्या होत्या. लोकांनी त्यांतल्या सोयीच्या तेवढ्या उचलल्या. गोळीचं नाव कुणीच घेत नव्हतं. ती तर घरोघरी चहाच्या डब्यामागे होती.

ती वाचली. काही आठवड्यांनी डायलिसिस बंद झालं आणि सासूबाईंनी सिद्धिविनायकाला जाऊन नारळ फोडला. पण किडन्या पूर्ण परत आल्या नाहीत. निम्म्याहून कमी चालतात, एवढंच. घरी सोडताना डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "दुखण्याची, सुजेची ही गोळी पुन्हा घ्यायची नाही. आयुष्यात नाही. राहिलंय ते गेलं तर परत येणार नाही." तिनं मान हलवली. मी घरातली सगळी पाकिटं शोधून काढली, कात्रीनं कापली आणि कचऱ्यात टाकली. केमिस्टलाही दम देऊन आले, तो बिचारा घाबरला.

जानेवारीची मॅरेथॉन तिनं टीव्हीवर पाहिली, आवाज बंद करून.

गोळ्या थांबल्यावर तिला पहिल्यांदाच कळलं की गुडघा किती दुखतो. इतके दिवस ते दुखणं कुठेतरी साठून राहिलं असावं, ते सगळं एकदम आलं. जिना उतरताना ती कठड्याला धरून आडवी आडवी उतरायची, प्रत्येक पायरीला थांबून. तरी उन्हाळ्यात तिनं माझ्याबरोबर चालायला सुरुवात केली. पार्काला एक फेरी, मग दोन. ग्रुपचे लोक पळत जाताना तिला हात करायचे आणि ती मान वळवून त्यांच्याकडे बघत राहायची. मी तिला बोलण्यात गुंतवायचे. भाजीचे भाव, शेजारणीची सून, काहीही. तिला त्यात रस नव्हता हे मलाही दिसत होतं.

गेल्या रविवारी मला घरून निघायला उशीर झाला. ती पुढे गेली होती. मी पार्कात पोचले तर ती ग्रुपबरोबर उभी होती, आणि मला बघून माझ्याकडे आली. आली म्हणजे धावत आली. सरळ, हलकी, लंगडणं नाही, कठडा शोधणारा हात नाही. घामानं तोंड चमकत होतं. "वहिनी, एक फेरी धावले! गुडघा दुखलाच नाही!" तोच जुना आनंद. मलाही क्षणभर आनंदच झाला. मग आठवलं, आदल्या संध्याकाळीच मी तिला दात आवळून जिना उतरताना पाहिलं होतं.

"काय घेतलंस?" मी विचारलं.

ती गोंधळली. तिला खरंच कळेना मी का रागावले. मागे काका आले होते, हातात केळ्यांची पिशवी, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अगदी निर्धास्त भाव होता.

"काका, डॉक्टर काय म्हणाले ते हिनं सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं ना, वहिनी," काका म्हणाले. "तेव्हापासून मी कुणालाच रिकाम्या पोटी देत नाही. आधी केळं, मग गोळी. सगळ्यांना कडक नियम केलाय."

मी नणंदेकडे बघितलं. ती माझा हात धरून मला समजावत होती, लहान मुलाला समजावतात तशी. "अगं वहिनी, आज उपवास कुठाय? दोन केळी खाल्ली, वर बाटलीभर पाणी प्यायले. मगच घेतली."

मी टॅक्सी थांबवली, परळचं हॉस्पिटल सांगितलं आणि तिला आत ढकललं.